हुस्नाबीचा ताईत

घाटंजीत हुस्नाबीनं भरलेली गादी ज्यानं एकदा अंगाखाली घेतली, तो दुसरीकडे गेला नाही. कापूस पिकवणारे कर्जापायी जीव देत होते; कापसाचं नाव काढलं की माणसं गप्प व्हायची, अशी ती वर्षं. पण खिडकीतल्या उन्हात रुईचे तंतू तरंगायचेच, आणि गादी भरता भरता तिची नजर तिथं लागायची. तिचा मुलगा इकबाल दूरच्या प्रयोगशाळेत एका अजस्र यंत्रावर कामाला होता. त्यातून न्यूट्रॉन नावाचे कण उडतात, ते दिसत नाहीत, शिशालाही जुमानत नाहीत, त्यांना जाड भिंत नाहीतर पाणी-मेणच अडवतं, हे त्यानंच सांगितलं होतं. त्या तंतूंत तिला ते कण दिसायचे. मग ती फुंकर घालून त्यांना हळूच खिडकीबाहेर काढायची. वेडी माया, दुसरं काय!

ईदला इकबाल आला, तेव्हा त्याच्या खिशाला एक चपटा बिल्ला होता. कामावरून निघताना तो तिथल्याच फळीवर ठेवायचा असतो; घराच्या ओढीनं पठ्ठ्या विसरला.

"हे काय रे?"

"किरणांसाठी असते, अम्मी," तो पेंगत म्हणाला.

हुस्नाबीला एवढंच पुरलं. ताईत! दुसऱ्या दिवशी तिचा नवरा जमीर खोकल्यासाठी छातीचा एक्स-रे काढायला निघाला, तर तिनं बिल्ला त्याच्या बनियनला आतून टाचला. फोटोत चौकोन उमटला, म्हणून तो पुन्हा काढावा लागला. बिल्ला तिनं गुपचूप इकबालच्या खिशाला परत लावला.

दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. "तपासणीत माह्या बिल्ल्यात किरणं निंगाले, अम्मी. मले मशीनपासून दूर केलं. कुठून आले हे सांगता नाई आलं, तं काम गेलंच समज."

हुस्नाबीनं सगळं सांगून टाकलं.

इकबाल म्हणाला, "तरीच! बिल्ल्यातली न्यूट्रॉनची पट्टी कोरी हाये. म्हंजे मशीनचं नाईच थे, एक्स-रेचं हाये."

बिल्ला घरी नेल्याची चूक त्यानं लिहून दिली, बोलणी खाल्ली, काम वाचलं. हे सांगायला त्यानं पुन्हा फोन केला, तेव्हा हुस्नाबीनं भीतभीत विचारलं, "मंग थो बिल्ला तुले राखत नाई?"

"नाई, अम्मी. किती किरणं लागले, तेवढंच सांगते. अन् थेही मागून."

भरवशाच्या म्हशीला टोणगा! दोन महिने ती त्या बिल्ल्याच्या जिवावर निवांत झोपली होती, फुंकर घालणंही तिनं सोडलं होतं. फोन ठेवून ती खिडकीशी गेली आणि उन्हातल्या तंतूंवर पुन्हा फुंकर घालू लागली.