भीतीला पहिला नंबर

आमच्या मुकादमाइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सोलापूरबाहेरच्या माळावर आमच्या क्लबचं नऊ होलचं गोल्फचं मैदान आहे. गोल्फ म्हटलं की लोकांना हिरवळ आठवते. आमच्याकडे कुसळं, खडक आणि होलभोवती तेल पाजून दाबलेली वाळू. ती वाळू गोणपाट ओढून रोज सारखी करणं हे मुकादमाचं काम. साधा दगड उचलायचा तरी तो आधी काठीने तीनदा ठोकायचा, न जाणो खाली फुरसं असेल. आम्ही हसायचो. त्याला त्याचं काही वाटत नसे.

रविवारी खेळ आटोपला की चहावर आमची एकच हुज्जत: देशातलं पहिल्या नंबरचं मैदान कोणतं? कोणीतरी मोबाइलवर यादी काढायचा, दुसरा ती खोटी ठरवायचा. एकाला गुण अवघडपणाला हवेत, दुसऱ्याला देखाव्याला, आणि आमचे एक वकील तर जेवणालाही गुण मागायचे. दारात उभा असलेला मुकादम एकदा न राहवून म्हणाला, "नंबर देनारा मानूस तितं किती दिस ऱ्हातो, सायेब?"

"एक दिवस," मी म्हणालो.

"मग त्येला काय कळतंय? मी हितं इस वर्सं हाय, मलाच अजून समदं कळलं न्हाय की."

त्याची स्वतःची यादी होती, ती भीतीची. तिसऱ्या होलला दुसरा नंबर, कारण तिथे साप फार. पहिला नंबर सातव्याचा. त्याच्या मागे दगडाची जुनी खाण आहे. पावसाळा सरता सरता ती काठोकाठ भरते आणि पाण्यावर शेवाळाचा जाड थर धरतो. गवत वाळलं की सगळ्या माळावर हिरवं म्हणून तेवढंच. मुकादम धनगराघरचा. तरणा असताना त्याच्या कळपातली पुढची मेंढी ते हिरवं बघून आत उतरली आणि मागच्या साऱ्या तिच्यामागे गेल्या. "वरडून वरडून घसा फुटला, पर एक बी थांबलं न्हाय," एवढंच तो सांगायचा. म्हणून त्याने खाणीभोवती बाभळीच्या काट्यांची कुपाटी घातली होती. दरवर्षी तो ती नवी करी, आणि हात रक्ताळले तरी कोणाची मदत घेत नसे.

दोन वर्षांपूर्वी मैदानांना गुण देणारे एक पाहुणे आमच्याकडे यायचे ठरले. क्लबचे अध्यक्ष म्हणजे माझे मालकच. अक्कलकोट रोडच्या त्यांच्या टॉवेल कारखान्यात मी मॅनेजर. कुपाटी देखाव्याच्या आड येते, काढून टाका, असं त्यांनी बैठकीत सांगितलं. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. दुसऱ्या दिवशी मुकादम माझ्या घरी आला. "सायेब, तुमी सांगा की त्यास्नी. मला कोन इचारतंय?" सांगतो, म्हणालो. पण मालकांपुढे उभा राहिलो की माझी जीभ टाळ्याला चिकटते. कुपाटी निघाली.

पाहुणे आले. सहा होल तपासून कंटाळलेला तो गृहस्थ सातव्यावर आला आणि हिरवं पाहून खुलला. "वा, इथे हिरवळ राखलीय की," म्हणत तो सरळ तिकडे चालू लागला. आम्ही काही बोलायच्या आत मुकादमाने धावत जाऊन त्याची कॉलर धरली आणि त्याला मागे खेचलं. दोघेही धुळीत पडले. चार पावलांवर पाणी होतं. पाहुणा कपडे झटकत उठला आणि ओरडला, "मला दिसत होतं!" तो पाण्यात पडला असता तर मुकादम खरा ठरला असता. पडला नाही, म्हणून मुकादम उद्धट ठरला. संध्याकाळी त्याला कामावरून काढलं. मी तेव्हाही गप्पच. गुण देताना त्या गृहस्थाने सातव्या होलच्या देखाव्याचं मात्र फार कौतुक केलं होतं.

पुढे एकदा मी दुधनीजवळच्या त्याच्या गावी गेलो. तो अंथरुणाला खिळला होता. तक्रारीचा एक शब्द नाही. एवढंच विचारलं, "कुपाटी घातली का वो परत?"

"घातली," मी खोटं बोललो.

"मग बरं. आता झोप लागंल," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला. पंधरा दिवसांनी तो गेल्याचं कळलं. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

यंदा खाण पुन्हा काठोकाठ भरली. मालकांनी सभासदांच्या लेकराबाळांचा मेळावा सातव्या होलवर ठेवला, देखाव्यासाठी मुद्दाम तिथेच. परिपत्रक वाचलं आणि मला दरदरून घाम फुटला. मेळाव्याच्या दिवशी उजाडताच बाभळीचे फास, म्हणजे तोडलेल्या काटेरी फांद्या, टेम्पोत घालून मी एकटाच तिकडे गेलो. काम अर्ध्यावर आलं असेल नसेल, तोच मालकांची गाडी फाटकातून आत वळली. मी पुढचा फास ओढला.