घशातला नकार

अर्धांगाच्या झटक्यानंतर तीन आठवडे ह्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. मी डोळ्यांवरूनच अंदाज बांधायची. काल सकाळी भरवताना विचारलं, “अजून एक घास?” तर म्हणाले, “अं-अं.”

वाचा-उपचार करायला येणाऱ्या मुग्धाताईंना हे सांगितलं, तशा त्या हसल्याच. “काकू, दोन ‘अं’च्या मध्ये घसा क्षणभर बंद होतो. तो त्यांनी स्वतः बंद केला! करून बघा.”

मी केलं. खरंच, श्वास अडतो आणि सुटतो. अरबीत म्हणे या अडथळ्याला स्वतःचं अक्षर आहे, आणि हवाई बेटांवरच्या भाषेत तो गाळला तर शब्दाचा अर्थच बदलतो. मी तीस वर्षं शाळेत मुळाक्षरं शिकवली, त्यांत हा कुठेच नव्हता. तरी नको म्हणायला तो आपल्या सगळ्यांच्या घशात असतोच, कुणी न शिकवता.

दुपारी मी विचारतच सुटले.

“पंखा लावू?”

“अं-अं.”

“रेडिओ?”

“अं-अं.”

“मग मी आत जाऊ?”

त्यांनी चांगल्या हाताने माझं मनगट धरलं. “अं-अं.”

चाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्या नकाराने इतकं भरून कधी आलं नव्हतं. मी तिथेच बसून राहिले.