ब्राउझर घरी आला

घरचा संगणक घेतला तेव्हा मी विकणाऱ्याशी कडाकडा भांडलो होतो. माझ्या टाइल्सच्या दुकानात जो ब्राउझर चालतो, तो या संगणकाच्या सिस्टीमवर चालतच नव्हता. मला फसवलं, हा राग अजून गेलेला नाही. आता तो ब्राउझर याही सिस्टीमसाठी निघाला. आज मुलीने तो घरी बसवला आणि माझं दुकानातलंच खातं त्याला जोडून दिलं.

बायको उन्हाळी कुरडयांची कृती शोधायला बसली. ‘गव्हाच्या’ लिहायला तिने पहिलं अक्षर दाबलं, तर खाली मी दुकानात विचारलेला प्रश्न उमटला: गळ्यातली गाठ दुखत नसेल तर काय असतं?

ही भीती मी रोज दुकानात ठेवून, शटर ओढून घरी येत होतो. मधे एक न चालणारा ब्राउझर होता, तेवढ्याच आडोशाला बसून मी हसत जेवत होतो. ज्याच्यासाठी भांडलो, त्यानेच तो आडोसा काढून घेतला.

“कधीपासून आहे?” तिने विचारलं.

“झाले असतील आठ-दहा दिवस.”

“हा बोलायचा भाव झाला. द्यायचा सांगा.”

आयुष्यभर मी समोरच्याला असंच खाली आणलं आहे.

“दिवाळीपासून,” मी म्हणालो.

यावर तिने घासाघीस केली नाही. ती माझ्या कॉलरचं बटण काढून गाठ चाचपू लागली.