भावोजींची साखरेची चौकशी

आमच्या नणंदेच्या यजमानांसारखा दुसऱ्यांच्या साखरेची काळजी वाहणारा माणूस ठाणे-कल्याणात आणखी एक दाखवा, मी डोंबिवली सोडून जाते! भावोजी डॉक्टर. शीळफाट्याच्या वाटेवरचा दवाखाना बंद केला, पण जुने केसपेपर घरी आणले आणि आता एका बोटानं कॉम्प्युटरात भरत बसतात. कुठल्या समाजात मधुमेह लवकर येतो, कुणाला जास्त छळतो, हे त्यांना शोधायचंय. नणंद म्हणते, "दिवाणात गाद्यांच्या जागी आजार भरलेत गं वहिनी!"

बरं, घरात बसूनही भागत नाही. माझ्या नातीला बघायला पाहुणे आले, तर पोह्यांच्या आधी भावोजींनी मुलाच्या आजोबांना गाठलं. "मूळ गाव कुठलं? साखर कितव्या वर्षी लागली?" आजोबा म्हणाले, "अहो डॉक्टर, स्थळ नातवाचं आहे, माझं नाही!" लग्न जमलं, ते निव्वळ पोह्यांमुळे.

तर असे हे भावोजी एक दिवस मला हाक मारून स्क्रीन दाखवायला लागले. दवाखान्याजवळच्या आगरी गावातल्या बायकांची साखर सगळ्यांत वाईट, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या कागदावर त्यांचाच शेरा: 'पथ्य पाळत नाही.' इतरांच्या कागदांवर तो क्वचितच. "सगळ्याच्या सगळ्या बायका हट्टी कशा असतील हो, वहिनी?" म्हणाले, आणि मला रिक्षात घालून थेट गावात.

तिथली एक काकू त्यांची जुनी पेशंट. डावा डोळा साखरेनं गेलेला, उजवाही अंधूक होत चाललेला. भावोजींनी दारातूनच दटावलं, "भात सोड म्हटलं होतं ना गं तुला?"

"कवाच सोरला, डाक्टर! तुमी सांगलात तशी भाकरीच खाते," म्हणत तिनं आम्हाला पानावर बसवलं आणि कालवणाबरोबर भाकरी वाढली. पांढरीशुभ्र, तांदळाची. त्या गावात भाकरी तांदळाचीच. भावोजी देशावरचे, त्यांच्याकडे ज्वारीची. इतकी वर्षं दवाखाना चालवला, पण त्या गावात जेवले कधीच नव्हते.

घास हातातच राहिला. काकू हसत म्हणाली, "आता काय सोरू, तेवरा सांगा."

"काही नको सोडूस, बाई. नाचणीची भाकरी करून बघ. आणि उद्या डोळे दाखवायला मी येतो बरोबर."

उजव्या डोळ्याची आशा आहे म्हणतात. भावोजी अजून कॉम्प्युटरपुढे असतात, एकेक शेरा पुसत. परवा मी चहा ठेवला, तर मान न वळवता म्हणाले, "ऐकलं होतं हो त्यांनी, वहिनी. सगळं ऐकलं होतं."

चहावर साय धरली, तरी कप तसाच होता.