परातीतलं कासव

कासवाचं ते पिल्लू आमच्या परातीत राहायला आलं, तेव्हा बायको पुण्याला होती. लेकाच्या घरी नातू झाला, सुनेला कामावर परत जायचं होतं, म्हणून सव्वा महिन्यासाठी ती गेली. तो नातू आता स्वतःच्या हातानं मोबाईल लावतो, तरी तिचा सव्वा महिना संपलेला नाही. मी इकडे विंझरच्या अलीकडे, दोन म्हशी आणि भाताची खाचरं सांभाळून. पुण्यात राहून पाहिलं. पण तिथं सहाव्या मजल्यावर मला झोप लागेना आणि इथं माझ्यावाचून म्हशी दूध देईनात. म्हशींचं मी थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच.

आमच्याकडे अजून इर्जिक होते. आज सगळी माणसं माझ्या खाचरात, उद्या दुसऱ्याच्या. मजुरी कुणी घेत नाही, जेवण मात्र दणकून लागतं. त्या दिवशी माझी पाळी होती, आवणीआधीची चिखलणी चालली होती. पॉवर टिलरच्या लोखंडी चाकामागून एक खापराचा तुकडा वर आला. फेकून द्यायला उचलला, तर खापराला पाय फुटले. बत्ताशाएवढं कासव, आणि पाठीवर चाकानं गेलेली चीर. चीर केवढी म्हणाल, तर आत डोकावलं असतं तर पलीकडे तोरणा दिसला असता.

घरी आणलं. आता ठेवायचं कशात? घरातलं सगळ्यात रिकामं भांडं म्हणजे बायकोची भाकरीची परात. मी थापलेली भाकरी तव्यावर पोचेपर्यंत तिचे चार तालुके होत, म्हणून मी पावावर आलो होतो आणि परात भिंतीला टेकून उभी होती. तिच्यात बोटभर पाणी घातलं, कडेला कौलाचा तुकडा ठेवला आणि कासवाला वर बसवलं.

आता फोनचं सांगतो. गोठ्यामागच्या उकिरड्यावर चढून तोरण्याकडे पाठ केली की रेंज येते. रोज संध्याकाळी मी तिथं उभा राहून व्हिडिओ लावायचो. बायको विचारायची, जेवलात का, गोळी घेतली का. पुढं काही बोलावं, तर नातू मोबाईल ओढायचा, मोबाईल गादीवर उताणा पडायचा आणि मला त्यांचा छताचा पंखा दिसायचा. बायकोचा आवाज लांबून, स्वयंपाकघरातून यायचा. फोन बंद करायचं कुणाच्या ध्यानात नसायचं. मग मीही बंद करायचो नाही. म्हशी हंबरेपर्यंत पंखा बघत उभा राहायचो.

त्या संध्याकाळी पंखा दिसायच्या आत मी घाईनं म्हणालो, "घरात कासव आलंय. ताटाएवढं."

मोबाईल परत तिच्या हातात गेला. "कुठाय? दावा."

परात मी काखेत घेऊनच वर चढलो होतो. दाखवलं.

"आवं, ह्ये तर बत्ताशाएवढं हाय."

"आजारानं वाळलंय."

"आन् ती परात कुणाची?"

यावर रेंज गेली. म्हणजे मी तोरण्याकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी इर्जिकीतल्या बायका कासव बघायला आल्या. शेजारच्या वहिनी सगळ्यांच्या पुढं. आमच्या महादेवाच्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडाचं कासव आहे; त्याला हळदकुंकू वाहिल्याशिवाय बाया आत जात नाहीत. वहिनींनी त्याच हातानं आमच्या पाहुण्याच्या चिरेत हळद भरली, कपाळावर कुंकवाचं बोट ठेवलं आणि परातीला हात जोडले. मागोमाग बाकीच्यांनीही. मीही पाया पडलो. दगडाच्या कासवाचं जन्मभर कुंकवानं काही बिघडलं नव्हतं.

ह्याचं बिघडलं. दोन्ही डोळे सुजून मिटले. खाणं बंद. बोट लावलं तरी मान आत जाईना, आणि कासवाची मान आत जाईना म्हणजे काय ते कुणालाही कळतं.

संध्याकाळी बायकोनंच फोन केला. परात घेऊन मी उकिरड्यावर चढलो, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी फोन लावायच्या आत खिशात मोबाईल वाजला.

"त्याच्या डोक्याला लाल काय हाय?"

"वहिनींनी पूजा केली."

"न् तुमी बघत बसला?"

"म्या पाया पडलो."

"पाण्यानं धुवा आधी ते. न् उद्या डाक्टरला दावा. ऐकताय न्हवं?"

ती बोलत राहिली. मागे नातू रडत होता, तरी बोलत राहिली. उकिरड्यावर उभा राहून मी कासवाला मनात म्हटलं, बाबा रे, तू गेलास तर ही परत दोन प्रश्नांवर जाईल.

सकाळी कासव जेवणाच्या डब्यात घालून एस.टी.नं वेल्ह्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. माझ्या पुढं एक म्हैस, मागं एक बैल. बैलवाल्यानं विचारलं, "तुमचं जनावर कुठाय?" मी डबा उघडून दाखवला. त्यानं आत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बैल जरा लांब नेला.

डॉक्टर हसले नाहीत. उकळून गार केलेल्या पाण्यानं डोळे पुसायचे, चिरेला तपकिरी औषध लावायचं, सकाळचं कोवळं ऊन द्यायचं, खायला गांडुळाचे बारीक तुकडे. "आणि बरं झालं की होतं तिथल्या पाण्यात सोडा," ते म्हणाले. "घरात ठेवायची चीज नाही ती. कायदाही नाही म्हणतो."

मग मी जी सेवा केली, तशी माझ्या सासऱ्यांचीसुद्धा केली नव्हती. कापसाच्या बोळ्यानं डोळे पुसायचे. बायकोच्या काटा काढायच्या चिमट्यात गांडुळाचा तुकडा धरून तोंडापुढं हलवायचा. ऊन सरकेल तशी परात ओट्यावरून सरकवायची. एका कावळ्याशी तर माझं असं वैर जडलं, की तो आता पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराण्याला ओळखेल. बायको सकाळ-संध्याकाळ फोन करायची, त्या वेळेला मी परातीसकट उकिरड्यावर हजर. चिमटा कसा धरायचा ते सांगता सांगता मधेच म्हणायची, दाढी वाढलीय तुमची.

आणि एका सकाळी त्यानं एक डोळा उघडला. माझ्याकडे असं बघितलं, जणू परातीचं भाडं मीच त्याला देणं लागतो. मग चिमट्यातला तुकडा ओढला आणि गिळला. मला इतका आनंद झाला, की परात घरातच ठेवून उकिरड्याकडे पळत सुटलो. वर चढलो, तोरण्याकडे पाठ केली, फोन लावला.

"कसं हाय?" तिनं विचारलं.

"तसंच हाय," मी म्हणालो. "लई अवघड दिसतंय."

ती म्हणाली, "रविवारी सून घरी हाय. म्या येऊन जाती."

रविवारी ती विंझरच्या थांब्यावर उतरली. घरी आल्यावर पायावर पाणी न घेता आधी परातीपाशी बसली. बोट पुढं केलं, तर कासव कौलावरून टुणकन पाण्यात गेलं आणि परातीला दोन फेऱ्या मारल्या.

"ह्ये आजारी हाय?"

"तुला बघून हुशारी आली त्याला."

"त्याला का तुमाला?" ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावला.

दुपारी आम्ही ते नदीच्या डोहावर नेलं. मला अजून चार दिवस ठेवावंसं वाटत होतं. चीर अजून नीट भरून यायची आहे, असं मी दोनदा म्हटलं. ती म्हणाली, "त्याचं घर हाय ते. जाऊ द्या त्याला." ओंजळ तिनंच पाण्याला लावली. पिल्लू क्षणभर तिच्या बोटांवर थांबलं आणि गेलं. तिकडे बघत ती बराच वेळ ओल्या हातांनी बसून होती.

घरी येऊन तिनं परात राखेनं तीनदा घासली, वर गरम पाणी ओतलं, आणि तिच्यातच पीठ मळून भाकरी केल्या. दुसऱ्या दिवशीच्याही करून फडक्यात गुंडाळून ठेवल्या. सकाळच्या एस.टी.नं ती गेली. त्या भाकरी मी पुरवून पुरवून खाल्ल्या. शेवटची दगड झाली होती, ती दुधात बुडवली.

परात परत भिंतीला टेकली. फोन परत दोन प्रश्नांवर आला. मी मात्र डोहावर जातो, बसतो, येतो. परवा उकिरड्यावरून तिला सांगितलं, "काल दिसलं. पाठीवरची चीर वळखू आली. परातीएवढं झालंय. काठाला आलं, मान वर केली न् मला म्हणालं, घरची कारभारीण कुठाय?"

"मग तुमी काय सांगितलं?"

"म्हणलं, सव्वा महिन्यासाठी गेलीय."

नातवानं मोबाईलला हात घातला, तो तिनं बाजूला केला. पंखा दिसला नाही. तीच दिसत राहिली, रेंज जाईपर्यंत. या खेपेला मी तोरण्याकडे तोंड केलं नव्हतं.