गुरुजींचा रिकामा पाट
खलबत्त्यात सुंठ कुटली की मला अजून ती सकाळ आठवते. इंग्रजांचं राज्य होतं आणि नंदुरबारात मी आणि माझा गुरुभाऊ एकाच वैद्यांकडे शिकत होतो. शिक्षण संपलं की मारुतीच्या ओट्यावर तीन वैद्य परीक्षा घेत: एक आपला गुरू, एक परगावचा आणि एक गावातला सर्वांत वडीलधारा. नातलगाला तिथे बसायला मात्र सक्त मनाई होती. गुरुभावाची परीक्षा आधी झाली. गुरुजी मधल्या पाटावर बसले, नाडीवर प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर ऐकून खुशीत मांडीवर थाप मारली. ती थाप मला झोंबली. मोलगीच्या डोंगरातून हिरडे पाठीवर मी आणायचे आणि रोग्याची नाडी बघायला बरोबर न्यायचं याला! माझी पाळी आली तसे गुरुजी पाटावरून उठले आणि खाली लोकांत जाऊन बसले. माझे कान तापले. माझी परीक्षा घ्यायचाही त्यांना कंटाळा? परगावचे वैद्य म्हणाले, "अहो, हाही तुमचाच शिष्य ना? वर या." गुरुजींनी गुरुभावाकडे बोट केलं. "शिष्य तो व्हता. हाऊ तं मन्हा पोऱ्या शे. यानी परीक्षा मी कशी लिसू?" रक्ताचं नातं नसताना त्यांनी मला आपला मुलगा म्हटलं होतं, आणि नातलगाला तिथे बसता येत नव्हतं. मी गुरुभावाकडे पाहिलं. इतकी वर्षं माझ्या तोंडावर असलेली जळजळ आता त्याच्या तोंडावर उतरली होती. त्या दिवशी मला काय विचारलं ते आठवत नाही. त्याचं ते तोंड मात्र सुंठेच्या वासासरशी समोर येतं, आणि खरं सांगतो, अजूनही बघायला बरं वाटतं.