टेकडी हाय

मांजरसुंब्याला चौकापासून जरा आत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुपारची जेवणं झाली की गिऱ्हाईक तुटतं, ढाब्यांवर ट्रकवालेसुद्धा बाजेवर आडवे होतात. तेव्हा मी शटर अर्धं ओढतो आणि मागच्या खोलीत जाऊन लढाऊ विमान उडवतो. पडद्यावरचंच, पण त्याला कुणी गेम म्हणालं की माझं टाळकं फिरतं. गेममध्ये बटण दाबलं की बंदूक उडते. इथं आधी बॅटरी, मग पंप, मग इंजिन, आणि जायरो नावाची चकती स्थिर होईपर्यंत हात बांधून बसायचं. घाई केली तर समोरच्या यंत्रातलं क्षितिज तिरकं राहतं आणि माणूस सरळ उडतोय असं समजून जमिनीत घुसतो. शत्रूचं विमान आडवं पळालं की रडारवरून नाहीसं होतं, कारण खऱ्या रडारचंही तसंच असतं. नवी पोरं म्हणतात, बिघाड आहे. मी म्हणतो, बिघाड नाही, खरं आहे. या दोन्हींतला फरक ओळखण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, असं मला वाटायचं.

माझा जोडीदार धर्मापुरीकडचा. त्याची पिठाची गिरणी, तीही दुपारी बंद. तो त्याच्या खोलीत, मी माझ्या, कानाला हेडफोन, आणि पडद्यावर दोघांची विमानं पंखाला पंख लावून. कित्येक वर्षं रोज बोलतोय, समोरासमोर भेटलो ते फार थोड्या वेळा. आपल्या जिल्ह्याचा नकाशा कुण्या हौशी माणसानं बनवून फुकट वाटला, तेव्हापासून आम्ही परदेशी वाळवंटं सोडून इथंच उडू लागलो. नकाशात धर्मापुरीचं जुनं देऊळ एक शेत सरकलेलं होतं. जोडीदार दोन दिवस धुसफुसत होता. "देऊळ उचलून ठिवलं बे त्यानं, देवाला तरी इचारलं का?" मी त्या नकाशावाल्याला रीतसर लिहून कळवलं. चूक दिसली की कळवायची, ही माझी खोडच आहे. बायको म्हणते, लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा आधी शुद्धलेखन बघता.

या विमानांत धोका असला की बोलून इशारा देतात. बहुतेक विमानांत तो आवाज बाईचा असतो. आमच्या विमानातली बाई इंग्रजीत, अगदी शांतपणे सांगायची की वर घे. मला ती आवडायची नाही. जमीन अंगावर येतेय आणि ही बाई दुकानात कापड दाखवल्यासारखी बोलतेय. हा आवाज बदलता येतो. आपला आवाज भरायचा, त्याच नावानं त्याच जागी ठेवायचा, झालं. मी विचार केला, आपण कुणाच्या आवाजाला घाबरून हात आवरतो? तर आत्याच्या.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली आणि आमच्याकडंच राहिली. जन्म मेंढरांमागं गेला. आई शेतात, वडील उसाच्या ट्रकवर, त्यामुळं मला वाढवलं तिनंच. तिचा आवाज एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जायचा, आणि कुठलीही गोष्ट तिला दोनदा सांगावी लागायची नाही. मेंढराला नाही, मला नाही.

तिला दुकानात आणून स्टुलावर बसवलं. डोक्यावरचा पदर नीट करून ती माईककडं संशयानं बघत राहिली.

"काय म्हनायचं?"

"म्हण, पुढं जमीन आहे, वर घे."

"कुठली जमीन?"

"कुठलीही. विमान खाली आलंय, पुढं डोंगर आलाय, आता आपटणार, असं समज."

"मंग तसं म्हन की." तिनं डोळे मिटले. "टेकडी हाय. वर घे, लेकरा, वर घे."

लेकरा काढून टाकावं असं मला वाटलं. लढाऊ विमानाच्या वैमानिकाला लेकरा म्हणतात होय? पण पुन्हा म्हणायला ती तयार होईना. "येकदा सांगितलं न्हवं," म्हणाली, आणि जाता जाता पडद्याकडं बघून, "ह्याचं आपलं उंटावरून शेळ्या हाकनं." तो आवाज मी तसाच ठेवला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा जोडीदार हसून हसून बेजार झाला. पण मी सांगतो, त्यानंतर मी एकदाही डोंगराला धडकलो नाही.

पुढं उन्हाळ्यात एक दिवस आम्ही दोघं माझ्या गावावरून उडत होतो. गाव मांजरसुंब्यापासून जवळच, डोंगराच्या कडेला. स्वच्छ ऊन, खाली रानं, चौपदरी रस्ता, सगळं तव्यासारखं सपाट. मी बराच खाली होतो, पण समोर झाडसुद्धा नव्हतं.

"टेकडी हाय. वर घे, लेकरा, वर घे."

हात आपोआप मागं आला, विमान वर गेलं. माझ्या उघड्या माईकमधून आवाज त्यालाही गेला असणार.

"कावून रं? कुठंय टेकडी?"

"न्हाई कुठं."

विमानाच्या पोटाखालून एक किरण जमिनीवर जातो आणि अंतर मोजून येतो. तो किरण म्हणत होता, सपाट आहे. डोळे म्हणत होते, सपाट आहे. मी वळून पुन्हा आलो. त्याच जागी पुन्हा तोच आवाज. तिसऱ्यांदा उलट्या बाजूनं आलो, तरी तिथंच. मग खाली रस्त्याचं वळण आणि त्याच्या शेजारची विहीर ओळखू आली, आणि डोक्यावर पंखा गरम हवा फेकत असताना माझ्या अंगावर काटा आला. तिथं टेकडी होती. माझ्या लहानपणी होती.

रस्ता चौपदरी झाला तेव्हा भरावाला मुरूम लागला, आणि मुरूम त्या टेकडीतून गेला. महिनोन्‌महिने पोकलेन चालू होता. टेकडीच्या माथ्यावर शेंदूर लावलेला दगड होता, मेंढरं राखणारा देव. तो लोकांनी वाजतगाजत उचलून रस्त्याकडेच्या लिंबाखाली आणून ठेवला. शेवटी टेकडी जमिनीला टेकली आणि तिथं कुणीतरी तूर पेरली. पण आत्या काही त्या तुरीच्या बांधावरून सरळ गेली नाही. लिंबाकडून मळ्यात जायचं तर नाकासमोर वाट होती. ती मात्र पूर्वी टेकडीला जसा वळसा घालायची तसाच घालत राहिली, टेकडी उजव्या हाताला ठेवून. प्रदक्षिणा घालताना देव उजवीकडंच ठेवतात. लोक म्हणायचे, म्हातारी भ्रमली. भ्रमायला काय झालंय, तिला गावातल्या सगळ्यांची देणीघेणी पाठ होती. मी एकदा विचारलं होतं, देव तर लिंबाखाली गेला, आता कावून वळसा? तर म्हणाली, "देव हालवला. टेकडी कुठं हालवली?"

त्या दिवशी संध्याकाळी घरी जाऊन मी तिला सांगितलं की विमान तुझ्या टेकडीवर ओरडतंय. मला वाटलं दचकेल. ती भाकरी मोडत होती, मोडत राहिली.

"मीच म्हनले न्हवं, टेकडी हाय म्हनून."

कारण मी दोन दिवसांत शोधून काढलं. नाही काढलं तर मी कसला? विमानाच्या पोटात उंचीचा एक तक्ता असतो, पुढं कुठं किती उंच जमीन आहे याचा. इशारा त्यावरून मिळतो, डोळ्यांना दिसतं त्यावरून नाही. नकाशावाल्यानं वरची जमीन नव्या फोटोंप्रमाणं केली होती, तक्ता मात्र कुठल्या तरी जुन्या मोजणीचा ठेवला. म्हणजे वर तूर होती आणि पोटात टेकडी. इतकं साधं. मी लगेच कळवलं. अमुक ठिकाणी नसलेल्या टेकडीचा इशारा मिळतो, दुरुस्त करावा. त्यानं आभार मानले, पुढच्या आवृत्तीत काढतो म्हणाला. कारण कळल्यावर भीती जायला हवी होती. पण ती गेली नाही. त्या बाजूनं उडताना मी आवाज यायच्या आधीच श्वास धरून बसू लागलो.

पावसाळा संपता संपता आत्या गेली. दुखणं नाही, काही नाही, दुपारी ओसरीवर आडवी झाली ती उठलीच नाही. तेराव्याला जोडीदार धर्मापुरीहून मोटारसायकलवर आला, पंगतीत वाढायला लागला आणि जाताना एवढंच म्हणाला, "लई जरब होती बे आवाजात." तिचे फोटो आमच्याकडं दोन, दोन्हींत तोंड मिटलेलं. आवाज म्हणून काय राहिलं, तर तेवढं एक वाक्य.

थोड्याच दिवसांत नकाशाची नवी आवृत्ती आली. देऊळ जागेवर आणलंय आणि तुम्ही कळवलेली टेकडी काढली, असं त्यानं अगत्यानं लिहिलं होतं. जोडीदारानं त्याच दिवशी घेतली. मी घेतली नाही. दोघांचे नकाशे वेगळे असले की एकत्र उडता येत नाही. तो रोज विचारायचा, मी रोज इंटरनेटला शिव्या घालायचो. बाकी जिल्ह्यात खरे डोंगर काय कमी होते? तिथं ती बोललीच असती. आणि आवाज कॉम्प्युटरमध्ये होता, हवा तेव्हा उघडून ऐकता आला असता. एकदा तसं ऐकलं आणि घाईनं बंद केलं. उघडून ऐकलं की ती मेलेली असायची. टेकडीवर मात्र मी काही न करता ती आपणहून बोलायची, मला बघून बोलल्यासारखी.

म्हणून मी रोज दुपारी एकटाच तिथं जाऊ लागलो. लढाई नाही, काही नाही. उडायचं, टेकडीकडं तोंड करायचं, आवाज ऐकायचा, वर घ्यायचं. मग दर वेळी थोडं आणखी खाली. खालून गेलं की ती लवकर बोलायची आणि दोन वेळा बोलायची. भरदुपारी बाहेर चिटपाखरू नसायचं, रस्त्यावरचे ट्रकसुद्धा थांबलेले, आणि अर्ध्या शटरच्या आत तेवढा तिचा आवाज. दुकानाची पायरी चढताना मी मनात म्हणू लागलो की आलो गं. एकदा ते तोंडातून मोठ्यानं निघालं, आणि शेजारच्या पंक्चरवाल्यानं कोण आलंय म्हणून आत डोकावून बघितलं.

एका दुपारी मी वरच घेतलं नाही. ठरवून नाही. हात मांडीवर होते आणि मी नुसता ऐकत होतो. टेकडी हाय, वर घे, लेकरा, वर घे. विमान तुरीच्या शेंड्यांवरून चाललेलं. मग तक्त्यावरून जमीन किती खाली आहे ते दाखवणारा पडद्यावरचा आकडा शून्याखाली गेला. तक्त्याच्या हिशोबानं मी आता टेकडीच्या पोटात होतो. बाहेर लख्ख ऊन, आणि आत ती थांबेचना. एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू, त्यावर तिसरं. वर घे, लेकरा, वर घे, टेकडी हाय, वर घे. यंत्रच ते, जमीन आहे तोवर बोलणार. पण मला ते तसं ऐकू आलं नाही. ज्या बाईला जन्मात एक गोष्ट दोनदा सांगावी लागली नाही, ती घसा फोडून ओरडत होती, आणि मी मांडीवर हात ठेवून तिला ओरडू देत होतो. मी हेडफोन काढून फेकला. टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून बारीक आवाज येतच राहिला. मी कॉम्प्युटरची वायर ओढली तेव्हा तो थांबला.

मला रडू आलं. चांगलं मोठ्यानं आलं. ती गेली त्या दिवशीसुद्धा इतकं आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवी आवृत्ती उतरवून घेतली. जोडीदार खूश. "आलं का बे तुझं इंटरनेट? चल, आधी देऊळ बघू." देऊळ खरंच जागेवर होतं. त्यानं त्याला तीन गिरक्या घातल्या. मग म्हणाला, आता तुझ्या गावावरून जाऊ आणि घरी. मी बरं म्हणालो.

रस्ता दिसला, वळण दिसलं, विहीर दिसली. आम्ही दोघंही खाली होतो. मी श्वास धरला. काही आवाज आला नाही. फक्त इंजिन. समोर तूर आणि ऊन, पोटाखालचा किरण म्हणतोय सपाट, आणि आता पोटातला तक्ताही म्हणतोय सपाट. सगळं मी कळवलं होतं तसं, अगदी बिनचूक. हेडफोनमध्ये ती जागा इतकी गप्प होती की माझं मलाच कानात रक्त वाहताना ऐकू येत होतं.

माझा हात डावीकडं गेला. विमान कललं आणि मोठा वळसा घालू लागलं.

"कावून वळलास बे?" जोडीदार म्हणाला. "म्होरं तर कायबी न्हाई."

"टेकडी हाय," मी म्हणालो. "उजव्या हाताला ठेव."

मग त्याचंही विमान डावीकडं कललं.